अडकलेली सनई

आधीच सांगते, इथले भुताखेतांचे अनुभव मी दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसताना वाचते आणि निम्म्याहून जास्त वाचून हसते. पांढऱ्या साडीतली बाई, घाटात गाडीला हात दाखवणारा म्हातारा... चालू द्या. मी रामनगरची, गोव्याच्या हद्दीलगतच्या जोयडा तालुक्यातली. नवरा आणि मी मिळून मोबाईल आणि साऊंडचं दुकान चालवतो. स्पीकर, ॲम्प्लिफायर, माईक, भजनी मंडळांचे सेट. ज्यातून आवाज येतो त्याच्या मागे वायर असते नाहीतर आत बॅटरी, यापलीकडे माझा कशावर विश्वास नव्हता. आता मीच असलं काही लिहायला बसले आहे म्हणून नवरा काउंटरपलीकडे बसून हसतोय. हसू दे, तो त्या दिवशी तिथे नव्हता.

विषय माझ्या मामांचा आहे. आईचे थोरले भाऊ, सत्तरी ओलांडलेले. नंदिगड्ड्याच्या पुढे, आत जंगलात त्यांची वाडी. मामा, मामी, भात आणि थोडी सुपारी. मुलगा गोव्यात कंपनीत. तरुणपणी मामांचा लाऊडस्पीकरचा धंदा होता. आमच्या भागात घरं अशी विखुरलेली की एका घरातून दुसरं दिसत नाही, मध्ये नुसती झाडी. त्यामुळे लग्न असलं की पहाटेच उंच झाडाला कर्णा बांधायचा आणि सनईची प्लेट लावायची. पाहुणे पाच-सहा वाटांनी जंगलातून चालत येणार, त्यांनी त्या आवाजाच्या रोखाने यायचं. प्लेट म्हणजे रेकॉर्ड हो, काळी तबकडी. आमच्याकडे सगळे प्लेटच म्हणतात.

मामांना एका गोष्टीचा फार ताठा. त्यांची सनईची प्लेट कधी अडकली नाही. दुसऱ्यांच्या अडकायच्या — ऐन मुहूर्ताच्या वेळी सुई एकाच रेघेत फिरत राहायची आणि सनई तेच तेच चार सूर घोकत बसायची. मांडवात हशा व्हायचा, नवरीचा बाप चिडायचा. मामांच्या बाबतीत असं कधी झालं नाही. पुसायला वेगळं मलमलचं फडकं, सुई टेकवायची ती करंगळीच्या आधाराने, आणि मशीनला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. मामीनेसुद्धा नाही. ती म्हणायची, "लगीन माझ्याशी न्हवं, त्या पेटीशी केलंय ह्यांनी."

धंदा कधीच संपला. कर्णा देवळाला देऊन टाकला. मशीन आणि तेवढी एक प्लेट मात्र घरात राहिली, आणि संध्याकाळी ती लावून ऐकायची सवयही राहिली.

आता थोडं माझ्या मतांविषयी. हल्ली गणेशगुडीच्या लॉजवर उतरणारी बेंगळुरू-पुण्याची मंडळी कधीकधी दुकानात डोकावतात आणि मला व्हिनाईलचं, म्हणजे प्लेटचंच, माहात्म्य ऐकवतात. म्हणे त्या आवाजात गरमी असते. मी म्हणते गरमी हवी असेल तर शेगडी घ्या. प्लेटला धूळ चालत नाही, ऊन चालत नाही, एक बाजू संपली की उठून उलटी करा, सुई झिजली की देशभर शोधत बसा. कॅसेट निदान खिशात मावायची, पण तिची फीत गुंतायची. सीडी बरी होती. फोनमधली फाईल सगळ्यात स्वच्छ, आणि ती हजार वेळा वाजवली तरी झिजत नाही. हे माझं मत तेव्हाही होतं आणि कानाने ऐकायचं म्हटलं तर आजही आहे.

म्हणून मामांच्या मशीनची सुई कुरकुरायला लागली तेव्हा मीच पुढाकार घेतला. मशीन आणि प्लेट दोन्ही जीपमधून रामनगरला आणली. आधी ती सनई कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. पूर्ण बाजू, एकही अडखळ नाही, मामांचा ताठा खोटा नव्हता. त्यातली चरचर काढून टाकली आणि ती फाईल एका छोट्या स्पीकरसकट मामांना नेऊन दिली. सुई तेवढ्यात पुरती गेली होती. ती काढून टाकली, नवीन मागवली, आणि प्लेट कव्हरात घालून घरी लोखंडी कपाटात कपड्यांवर आडवी ठेवली. नवीन सुई काही येईना. या मॉडेलची मिळत नाही, बघतो, पाठवतो... असं करत पावसाळा गेला, सुगी आली.

मामांनी तो स्पीकर थोडे दिवस वाजवला आणि बंद केला. मी विचारलं, आवाज बरा नाही का? म्हणाले, आवाज चांगला आहे, काही खोट काढायला जागा नाही. पण आपण बसलोय काय, उठलोय काय, त्याला काही फरक पडत नाही. प्लेट संपली की उठावं लागतं, म्हणून माणूस शेवटपर्यंत ऐकतो, असं त्यांचं म्हणणं. मला तेव्हा ते म्हाताऱ्या माणसाचं कुरकुरणं वाटलं.

थंडीचे दिवस. भात मळून झालं होतं. मामा सकाळी पलीकडच्या वाडीतल्या चुलतभावाकडे निघाले, जंगलातल्या पायवाटेने. जन्मभर तुडवलेली वाट. दुपारपर्यंत पोचायचं, राहायचं, दुसऱ्या दिवशी परत. तिकडे रेंज नाही, त्यामुळे पोचल्याचा फोन करायचा प्रश्नच नव्हता. संध्याकाळी योगायोगाने तिकडचा एक जण मामीच्या दारावरून गेला. तिने सहज विचारलं, आमचे पोचले काय हो? तर ते तिथे गेलेच नव्हते.

रात्री वाडीतली माणसं बॅटऱ्या घेऊन फिरली. मला फोन पहाटे आला. मामांचा मुलगा गोव्याहून निघाला होता, मी रामनगरहून जीपने निघाले. आमच्या जंगलात अस्वल आहे, बिबट्या आहे, आणि थंडीची रात्र म्हाताऱ्या माणसाला त्यांच्याशिवायही पुरे होते. नवऱ्याने निघताना एक ॲम्प्लिफायर गाडीत टाकला होता. हाका मारायला माईक उपयोगी पडेल म्हणाला. एवढी एक गोष्ट त्याने त्या दिवशी शहाणपणाची केली.

पोचले तेव्हा अंगणात बायका बसल्या होत्या आणि मामी ओसरीच्या खांबाला टेकून उभी होती. बसत नव्हती, पाणी घेत नव्हती. पुरुषमाणसं नुकतीच दुसरी फेरी मारून आली होती. फॉरेस्टचे दोन गार्डही बरोबर होते. काही मिळालं नव्हतं, चप्पलसुद्धा नाही. एक जण दबक्या आवाजात चकवा म्हणाला. दुसरा म्हणाला, आता नाल्याकडेच बघायला हवं. नाल्याकडे म्हणजे काय ते मामीला कळलं. मलाही कळलं.

माईकवर हाका मारायचं ठरलं. देवळाचा कर्णा उतरवून अंगणातल्या फणसाला उंच बांधला. करंट नव्हता, म्हणून ॲम्प्लिफायर जीपच्या बॅटरीला जोडला. मी माईक लावत होते तेवढ्यात मामी पहिल्यांदा बोलली.

"हाका नगं. सनई लाव. सनईवर माणसं येत्यात."

सुतकाच्या काठावर असलेल्या घरात लग्नाची सनई लावायची... बायकांनी एकमेकींकडे बघितलं. पण मामीने सांगितलं होतं. मी फोन वायरने जोडला आणि तीच मी उतरवलेली फाईल लावली. ब्लूटूथ नव्हतं, वायर होती, हे मुद्दाम सांगते. फाईल संपली की पुन्हा पहिल्यापासून, असं लावून ठेवलं. माणसं तिसऱ्यांदा जंगलात गेली.

मी फोनजवळ बसून राहिले. बॅटरी उतरते का ते बघायचं होतं आणि दुसरं काही हातात नव्हतं. अंगणात ती सनई स्वच्छ वाजत होती. मी काढलेल्या चरचरीचा मागमूस नव्हता, आणि मला ती ऐकवत नव्हती. एवढी सुरळीत वाजते आणि कोणी येत नाही, याचा मला राग येत होता. कोणाचा राग, ते सांगता येणार नाही. मामी खांबाजवळून हलली नाही. मनाशी मी धरून चालले होते की मामा आता येत नाहीत. मामेभावाला काय सांगायचं त्याची वाक्यंसुद्धा मी जुळवायला लागले होते.

ऊन चांगलं वर आलं होतं तेव्हा गोठ्याच्या मागच्या बाजूने, जिकडे कोणी शोधत नव्हतं तिकडून, मामा आले. एक पाय ओढत, हातात काठी, धोतर काट्यांनी फाटलेलं. आणि भयंकर चिडलेले. मामी धावली तर तिला त्यांनी हाताने बाजूला केलं, सरळ फणसाखाली माझ्यापाशी आले आणि म्हणाले,

"कुणी हात लावला प्लेटीला?"

मी रडायला लागले होते. मी फोन दाखवला. त्यांनी फोनकडे बघितलं, ॲम्प्लिफायरकडे बघितलं, मागे वाकून मशीन कुठे लपवली आहे का तेही बघितलं. सनई चालूच होती, गुळगुळीत. मामा ऐकत उभे राहिले आणि मग एकदम जमिनीवर बसले. मामीने पाण्याचा तांब्या तोंडाला लावला तेव्हा कुठे त्यांचा राग उतरला. गार्डने पाय बघितला, मुरगळला होता, मोडला नव्हता. बाकी खरचटण्यापलीकडे काही नाही. अंगणात सगळे एकदम बोलायला लागले, कोणी चहा टाकला, कोणी गूळ आणला, एका बाईने माझ्याच पाठीत धपाटा घातला. मी इतकी हलकी झाले होते की मला हसू आवरेना. मामेभाऊ वाटेत होता, त्याला दाखवायला मी फोनवर मामांचा व्हिडिओ घ्यायला लागले. म्हणून पुढचं जे मामा बोलले ते माझ्याकडे आहे.

झालं होतं असं. पायवाटेवर एक मोठं झाड आडवं पडलेलं, म्हणून मामा वळसा घालून गेले आणि वाट चुकली. संध्याकाळच्या सुमारास ओढ्याच्या उतारावर पाय मुरगळला. रात्र एका खडकाच्या कपारीत काढली. सकाळी उठायला बघितलं तर पाय टेकवेना, आणि कुठल्या बाजूला जायचं तेही कळेना. ते तिथेच बसले. भूक नाही, भीतीसुद्धा नाही, फक्त आता पुरे, असं वाटत होतं म्हणाले. हे ऐकताना मामीने त्यांचा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही.

मग लांबून सनई ऐकू आली.

मी विचारलं, मग लगेच का नाही निघालात? तर मामा काय म्हणाले ते त्यांच्याच शब्दांत लिहिते.

"मला वाटलं, हाय कुणाचं तरी लगीन. आपल्याला आवतन न्हाई. वाजू दे. बसलो तसाच, डोळं मिटाय लागलं. आन् मग ती अडकली. माझीच प्लेट, मी वळखत न्हाई व्हय? त्येच त्येच, त्येच त्येच. मी म्हणतोय आता कोन तरी उठंल, मग उठंल. कुणी उठंना. आरं, प्लेट जाती न्हवं अशानं. मग मीच उठलो."

सगळे हसले. मीही हसले. व्हिडिओत माझं हसणं ऐकू येतं. कुठे अडकली म्हणून कोणीतरी गमतीने विचारलं, तर मामांनी ते सूर गुणगुणून दाखवले. वर जाणारे तीन आणि चौथा अर्धवट तुटलेला, पुन्हा तेच तीन, पुन्हा तो तुटका. सारखं तेच वाजत होतं आणि त्या रागाच्या भरात आपण चालत राहिलो, पाय दुखतोय हेसुद्धा विसरलो, असं ते सांगत होते. गोठ्यामागे आल्यावरच ते थांबलं. कोणीतरी शेवटी सुई उचलली म्हणून बरं वाटलं, आणि इतका वेळ का लावला म्हणून आणखी राग आला.

माझी तेव्हाची समजूत सरळ होती. उपाशी, थकलेला, थंडीत रात्र काढलेला माणूस. त्याने फोनवरची सनई ऐकली आणि बाकीचं डोक्यात तयार झालं. जे घडू नये म्हणून जन्मभर जपलं तेच त्याला ऐकू आलं. यात अमानवीय काय आहे? फोन अडकला असेल असं मामेभाऊ नंतर म्हणाला, पण मी शेजारी बसले होते. एकदाही अडकला नाही. आणि फोन हँग झाला तर एक घरघर येते, सूर येत नाहीत. हे मला धंद्यामुळे माहीत. डोंगरावरून आवाज परत आला म्हणावं तर तो एकदा येतो, तासभर तेच घोकत नाही. तेव्हा भ्रम. मी तो विषय मिटवला. मामा जिवंत होते, त्यापुढे मला कसली फिकीर नव्हती. त्या आठवड्यात मी दुकानात गिऱ्हाइकांशी इतकी गोड बोलत होते की नवऱ्याने तब्येत विचारली.

मग सुई आली. पार्सल उघडलं, दुपारची वेळ, दुकानात आम्ही दोघंच. मी मशीनला सुई बसवली, घरी जाऊन कपाटातली प्लेट आणली, फडक्याने पुसली आणि लावली. पहिला भाग छान गेला. नवी सुई, आवाज भरलेला, चरचर थोडी... मला, खोटं कशाला बोलू, बरं वाटत होतं ऐकायला. आणि मग सनई अडकली.

वर जाणारे तीन सूर आणि चौथा तुटका. पुन्हा तेच.

नवरा म्हणाला, अगं, उचल ती सुई. मी फोन काढला, मामांचा व्हिडिओ शोधला आणि मशीनशेजारी धरला. मामा गुणगुणत होते आणि प्लेट वाजत होती, आणि दोन्ही एकच होतं. तुटण्याची जागासुद्धा तीच. नवऱ्याचं हसणं तेव्हा थांबलं होतं, हे त्याने वाचताना लक्षात घ्यावं.

आता जेवढं मला समजतं तेवढं सांगते. प्लेटवर त्या जागी केसाएवढा ओरखडा आहे, भिंगातून दिसतो. तो मी फाईल उतरवली तेव्हा नव्हता. ती मूळ फाईल माझ्याकडे आहे, चरचर काढण्याआधीची, आणि ती त्या जागी सरळ पुढे जाते. ओरखडा नंतर आला असणार. कव्हरात घालताना माझंच नख लागलं असेल, ते मी मान्य करते. पण लागला असला तरी तो वाजला कधी? सुई नव्हती. प्लेट रामनगरला कपाटात होती, मामा तिथून इतक्या लांब जंगलात कपारीत बसले होते, आणि त्या जागी ती अडकते हे तोवर या जगात कोणालाही माहीत असायचं कारण नव्हतं. मी यावर बरंच डोकं चालवलं आहे. साऊंडवाल्या दोन-तीन ओळखीच्या लोकांनाही विचारलं. एक म्हणाला योगायोग. प्लेटवर एवढ्या रेघा, त्यातली नेमकी तीच... बरं, योगायोग. मला पटत नाही, पण माझ्याकडे दुसरं काही नाही. तुमच्यापैकी कोणाला सुचलं तर लिहा, फक्त मला चरचरीचं शास्त्र शिकवू नका.

मशीन आणि प्लेट मी वाडीवर परत नेली. मामांना काही सांगितलं नव्हतं. त्यांनी फडकं घेतलं, करंगळी टेकवून सुई ठेवली, खुर्चीत बसले. सनई त्या जागी आली आणि अडकली. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. मामा उठले, करंगळीने सुई पुढे सरकवली, परत बसले. "हीच," एवढंच म्हणाले. जन्मभराचा ताठा गेला त्याचं त्यांना वाईट वाटलं असेल, पण दिसलं नाही. मी म्हटलं, अशी सनईची दुसरी प्लेट मिळते, शोधून आणते. तर स्वयंपाकघरातून मामी बाहेर आली. जिने त्या पेटीचा आयुष्यभर दुस्वास केला ती मामी.

"दुसरी नगं," म्हणाली. "हीच ऱ्हाऊ दे."

परवा मी वाडीवर गेले होते तेव्हा संध्याकाळ होत आली होती आणि मामा अजून बाहेर होते. पाय बरा झाल्यापासून पुन्हा फिरतात, ऐकत नाहीत. मामीने हात पुसले, मशीन उघडली आणि प्लेट लावली. आता तिला हात लावायची मुभा आहे. सनई वाजत वाजत त्या जागी आली आणि तिथेच फिरत राहिली. मी सवयीने उठले तर मामीने मला हाताला धरून खाली बसवलं. आम्ही दोघी शेंगा सोलत बसलो आणि ते चार सूर घोकत राहिले.

त्या मशीनचा आवाज अंगणाच्या दगडी गडग्यापलीकडे जात नाही, हे मी धंद्याच्या अनुभवावरून छातीठोक सांगू शकते. मी मामीला विचारलं, त्यांना तिकडे हे ऐकू जातं?

"काय ठावं," मामी म्हणाली, गोठ्याच्या बाजूला बघत. "येत्यात न्हवं."